कुर्ट लेविन

कुर्ट लेविन (९ सप्टेंबर १८९० – १२ फेब्रुवारी १९४७) हे जर्मनीत शिक्षण घेतलेले व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले मानसशास्त्रज्ञ होते. आधुनिक सामाजिक मानसशास्त्राच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. क्षेत्र सिद्धांत, समूहगतिकी आणि कृतिसंशोधन या संकल्पना त्यांच्या नावाशी जोडल्या गेल्या आहेत. कारखान्यात किंवा कार्यालयात नवी कार्यपद्धती वा नवे यंत्र आणले असता माणसे त्यास विरोध का करतात आणि तो विरोध कसा ओसरतो, या प्रश्नाचा प्रयोगांच्या आधारे शोध घेणाऱ्या आरंभीच्या संशोधकांपैकी ते एक होत. संस्थांमध्ये संगणकप्रणाली किंवा अन्य तंत्रज्ञान आणताना आज ज्याला बदल व्यवस्थापन म्हटले जाते, त्याची वैचारिक बैठक बऱ्याच अंशी त्यांच्या कार्यात आढळते.

बालपण व शिक्षण

लेविन यांचा जन्म मोगिल्नो या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव त्या वेळी प्रशियाच्या पोझेन प्रांतात होते. आज ते पोलंडमध्ये आहे. वडील लेओपोल्ड यांचे किराणा मालाचे दुकान व थोडी शेती होती. आईचे नाव रेखा असे होते. त्या काळी ज्यूंना सैन्यातील अधिकारपदे आणि सरकारी नोकऱ्या जवळपास बंद होत्या, आणि ज्यूंविषयीचा दुरावा रोजच्या व्यवहारातही जाणवत असे. मुलांना चांगले शिक्षण मिळावे म्हणून हे कुटुंब १९०५ मध्ये बर्लिनला स्थलांतरित झाले.

१९०९ मध्ये लेविन यांनी फ्रायबुर्ग येथे वैद्यकशास्त्राचा अभ्यास सुरू केला. नंतर म्युनिक येथे जीवशास्त्राचा अभ्यास करून ते बर्लिन विद्यापीठात दाखल झाले आणि तत्त्वज्ञान व मानसशास्त्र या विषयांकडे वळले. कार्ल श्टुम्फ यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेटचे काम केले. पहिले महायुद्ध सुरू होताच ते जर्मन सैन्यात दाखल झाले. त्यामुळे पदवी प्रत्यक्ष हाती पडण्यास १९१६ साल उजाडले. युद्धात ते जखमी झाले होते. आघाडीवरील अनुभवावर त्यांनी १९१७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. शांततेच्या काळात जे केवळ शेत, टेकडी किंवा रस्ता असते, ते सैनिकाला आघाडीच्या दिशेने जाताना आडोसा, धोका किंवा सीमा म्हणून दिसू लागते, हा त्या निबंधाचा गाभा होता. माणसाचे वर्तन समजून घ्यायचे तर परिस्थिती त्याला कशी दिसते ते पाहिले पाहिजे, हा त्यांचा पुढील आयुष्यभराचा विचार येथे बीजरूपाने आढळतो.

बर्लिनमधील कार्य

युद्धानंतर लेविन बर्लिन विद्यापीठाच्या मानसशास्त्र संस्थेत काम करू लागले. माक्स व्हेर्टहायमर आणि व्होल्फगांग क्योलर हे समष्टिवादी मानसशास्त्राचे प्रवर्तक तेथे त्यांचे सहकारी होते. त्यांच्याकडे अनेक परदेशी विद्यार्थी, आणि त्या काळाच्या मानाने बऱ्याच स्त्रिया संशोधनासाठी येत. ब्लूमा झायगार्निक या त्यांच्या विद्यार्थिनीने अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, हे १९२७ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले. हाती घेतलेले काम मनात एक ताण निर्माण करते व ते पूर्ण झाल्यावर तो ताण निवळतो, या लेविन यांच्या कल्पनेची ती परीक्षा होती.

याच काळात त्यांनी श्रम आणि कार्यपद्धती या विषयांवरही लेखन केले. फ्रेडरिक टेलर यांनी अमेरिकेत मांडलेली शास्त्रीय व्यवस्थापनाची पद्धत तेव्हा युरोपात चर्चेत होती. हालचालींचे मोजमाप करून कमी वेळात अधिक उत्पादन काढणे, हे तिचे सूत्र होते. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात लेविन यांनी या पद्धतीचा विचार कामगाराच्या बाजूने केला. काम हे केवळ उदरनिर्वाहाचे साधन नाही. ते माणसाच्या आयुष्याला अर्थही देते. म्हणून कामाची सुधारणा करताना उत्पादनाइतकाच कामगाराला त्या कामातून मिळणाऱ्या समाधानाचा विचार व्हावा आणि या सुधारणेत कामगार व मानसशास्त्रज्ञ यांचे सहकार्य असावे, असे मत त्यांनी मांडले.

जर्मनीतून निर्गमन

१९३२ मध्ये लेविन यांनी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अतिथी प्राध्यापक म्हणून काम केले. जपान आणि सोव्हिएत संघ या मार्गाने मायदेशी परतत असतानाच जर्मनीत हिटलरच्या हाती सत्ता आली. विद्यापीठांतून ज्यू प्राध्यापकांची हकालपट्टी सुरू होताच त्यांनी देश सोडण्याचा निर्णय घेतला आणि १९३३ मध्ये ते पत्नी गेर्ट्रूड व मुलांसह अमेरिकेस गेले. दोन वर्षे कॉर्नेल विद्यापीठात काढल्यानंतर १९३५ मध्ये ते आयोवा विद्यापीठाच्या बालकल्याण संशोधन केंद्रात रुजू झाले. १९४० मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. आईला युरोपातून सुखरूप बाहेर काढण्याचे त्यांचे प्रयत्न मात्र निष्फळ ठरले. नाझींच्या छावणीत तिचा अंत झाला. नेतृत्व, पूर्वग्रह आणि लोकशाही या विषयांकडे ते अमेरिकेत अधिकाधिक वळत गेले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

क्षेत्र सिद्धांत

१९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लेविन यांनी वर्तन हे व्यक्ती आणि तिची परिस्थिती या दोहोंचे फलित आहे, असे सूत्र मांडले. विशिष्ट क्षणी व्यक्तीच्या दृष्टीने जे काही अस्तित्वात असते, त्या सर्वांचे मिळून तिचे जीवनावकाश बनते, आणि त्यात परस्परविरोधी बले कार्यरत असतात. एखादी सवय किंवा कामाचा एखादा वेग वर्षानुवर्षे तसाच राहतो, तो तेथे काहीच घडत नाही म्हणून नव्हे. पुढे ढकलणारी आणि मागे रोखणारी बले तेथे समतोल साधून असतात.

या मांडणीतून व्यवहारात उपयोगी पडणारा एक निष्कर्ष निघतो. समतोल बदलण्याचे मार्ग दोन आहेत: पुढे ढकलणारी बले वाढवणे किंवा रोखणारी बले कमी करणे. दोन्ही मार्गांनी एकाच ठिकाणी पोहोचता येत असले तरी परिणाम सारखे नसतात. दडपण वाढवून घडवलेल्या बदलात ताण वाढतो आणि त्याबरोबर थकवा, चिडचिड व आक्रमकताही वाढते. अडथळे दूर करून घडवलेल्या बदलात ताण कमी राहतो.

समूहांवरील प्रयोग

आयोवा येथे रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांच्यासह लेविन यांनी शाळकरी मुलांच्या लहान गटांवर प्रयोग केले. या गटांना हुकूमशाही, लोकशाही किंवा मोकळीक देणाऱ्या पद्धतीने वागणारे प्रौढ नेते देण्यात आले. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हुकूमशाही नेतृत्वाखाली मुले एकतर आक्रमक होतात किंवा निमूट बनतात, असे आढळले. नेता खोलीबाहेर गेल्यावर अशा गटांचे काम मंदावत असे. लोकशाही पद्धतीच्या गटांत ते बरेचसे पूर्ववत चालू राही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत मांसाची टंचाई होती. लोकांनी प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड यांसारखे सहसा न खाल्ले जाणारे भाग आहारात घ्यावेत, असा सरकारचा प्रयत्न होता. आहाराच्या सवयींविषयी नेमलेल्या राष्ट्रीय समितीचे काम मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड पाहत होत्या. तिच्या सहकार्याने लेविन यांनी गृहिणींच्या सहा गटांवर प्रयोग केला. तीन गटांना पोषणमूल्ये, काटकसर आणि पाककृती यांविषयी व्याख्यान देण्यात आले. उरलेल्या तीन गटांत त्याच विषयावर चर्चा होऊन शेवटी हात वर करून निर्णय घेण्यात आला. वेळ दोन्हीकडे सुमारे ४५ मिनिटे होता. पुढील चौकशीत, व्याख्यान ऐकलेल्या गृहिणींपैकी ३ टक्के तर चर्चेत सहभागी झालेल्यांपैकी ३२ टक्के गृहिणींनी यापूर्वी घरात न केलेला असा एखादा पदार्थ केल्याचे आढळले. माणसाची सवय त्याच्या समूहाच्या रूढ मापदंडाला बांधलेली असते; तो मापदंड सर्वांसमक्ष बदलला की व्यक्तीला बदलणे सोपे जाते, असा अर्थ लेविन यांनी यातून काढला. घरात कोणते अन्न यावे हे ठरवणाऱ्या व्यक्तीला त्यांनी द्वारपाल ही संज्ञा दिली. ही संज्ञा पुढे माध्यमांच्या अभ्यासातही रूढ झाली.

हारवुड कारखान्यातील संशोधन

व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन या गावी हारवुड कंपनीचा पायजमे शिवण्याचा कारखाना होता. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड मॅरो हे स्वतः मानसशास्त्राचे पदवीधर होते. नव्याने भरती झालेल्या स्थानिक कामगार स्त्रियांचे उत्पादन उत्तरेकडील कारखान्यांच्या तुलनेत फारच कमी असल्याने त्यांनी १९३९ मध्ये लेविन यांना पाचारण केले. येथून दीर्घकाळ चाललेल्या संशोधनास आरंभ झाला. अॅलेक्स बव्हेलास यांनी कामगारांच्या लहान गटांना चर्चा करून आपले उत्पादनाचे उद्दिष्ट स्वतः ठरवू दिले, तेव्हा त्यांचे उत्पादन वाढले. वयस्क स्त्रिया कामास मंद असतात, या पर्यवेक्षकांच्या समजुतीबाबत वाद घालण्याऐवजी त्यांनाच कारखान्यातील आकडे गोळा करण्यास सांगण्यात आले. स्वतः जमवलेल्या माहितीतून ती समजूत निराधार असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

या मालिकेतील सर्वांत प्रसिद्ध प्रयोग लेस्टर कोच व जॉन फ्रेंच यांनी केला. त्याचा वृत्तांत लेविन यांच्या निधनानंतर १९४८ मध्ये प्रकाशित झाला. कारखान्यात नगावर मजुरी दिली जाई आणि कामाच्या पद्धतीत वरचेवर बदल करावे लागत. असा बदल झाल्यावर अनुभवी कामगारांपैकी केवळ ३८ टक्के पुन्हा ठरलेल्या गतीपर्यंत पोहोचत. बाकीचे कायमचे मागे पडत किंवा काम सोडून जात. नवख्या कामगाराला तेच काम शिकण्यास जेवढा वेळ लागे, त्यापेक्षा अनुभवी कामगाराला नवी पद्धत अंगवळणी पडण्यास अधिक वेळ लागत असे. त्यामुळे अडचण मुख्यतः कौशल्याची नसून मनोवृत्तीची आहे, असा तर्क संशोधकांनी केला.

प्रयोगात एका गटाला नेहमीप्रमाणे बदलाची सूचना व स्पष्टीकरण देण्यात आले. दुसऱ्या गटाने बदलाची आखणी करण्यासाठी आपले प्रतिनिधी दिले. आणखी दोन लहान गटांतील सर्व कामगार आखणीत सहभागी झाले. पहिल्या गटाचे उत्पादन घसरले आणि सावरले नाही. ४० दिवसांत त्यातील १७ टक्के कामगार काम सोडून गेले. नव्या मजुरीदराविरुद्ध त्यांनी तक्रारही केली. तपासणीत तो दर प्रत्यक्षात थोडा कामगारांच्या फायद्याचाच निघाला. प्रतिनिधी दिलेला गट काही दिवसांत सावरला. पूर्ण सहभागाचे गट सर्वांत लवकर सावरले आणि आधीच्या पातळीपेक्षा सुमारे १४ टक्के पुढे गेले. त्यांपैकी कोणीही काम सोडले नाही. काही महिन्यांनी पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना दुसरे काम देताना पूर्ण सहभागाची पद्धत वापरली, तेव्हा तेही झपाट्याने सावरले. माणसे तीच असताना परिणाम बदलल्याने फरकाचे कारण बदल आणण्याच्या पद्धतीत असल्याचे स्पष्ट झाले.

अखेरची वर्षे

१९४४ च्या सुमारास लेविन यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे समूहगतिकी संशोधन केंद्राची स्थापना केली. डॉर्विन कार्टराइट, लिऑन फेस्टिंगर, रोनाल्ड लिपिट हे पुढे नावारूपास आलेले संशोधक या केंद्रात होते. त्याच काळात अमेरिकन ज्युइश काँग्रेसने स्थापन केलेल्या आयोगाद्वारे त्यांनी वांशिक भेदभावाच्या प्रश्नांवर काम केले. १९४६ मधील निबंधात त्यांनी कृतिसंशोधनाची कल्पना मांडली: प्रथम वस्तुस्थितीची पाहणी, मग योजना, मग कृतीचे एक पाऊल, त्याच्या परिणामांची पुन्हा पाहणी आणि त्यानुसार योजनेत सुधारणा, असे एकामागून एक फेरे घेत पुढे जाणारे हे संशोधन असते.

१९४६ च्या उन्हाळ्यात कनेक्टिकट राज्यातील एका कार्यशाळेत प्रशिक्षणार्थींच्या वर्तनाविषयी निरीक्षक रात्री चर्चा करीत असत. काही प्रशिक्षणार्थींनी तेथे बसण्याची परवानगी मागितली आणि लेविन यांनी ती दिली. स्वतःविषयीची निरीक्षणे ऐकण्याचा परिणाम एवढा प्रभावी ठरला की त्यातून संवेदनशीलता प्रशिक्षणाची पद्धत विकसित झाली. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी मॅसॅच्युसेट्समधील न्यूटनव्हिल येथे हृदयविकाराच्या झटक्याने लेविन यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५६ वर्षांचे होते.

बदलाचे तीन टप्पे

१९४७ मध्ये प्रकाशित झालेल्या दीर्घ निबंधात लेविन यांनी समूहाच्या वर्तनातील बदलाचे तीन भाग सांगितले आहेत. पहिला, गोठलेली जुनी पातळी वितळवणे. दुसरा, नव्या पातळीकडे सरकणे. तिसरा, ती नवी पातळी पुन्हा गोठवणे. तिसऱ्या भागाची आवश्यकता त्यांनी विशेषत्वाने सांगितली. बदल घडून येणे पुरेसे नसते. तो टिकवण्याची योजना आधीच केलेली नसेल, तर समूह लवकरच मूळ पातळीवर परततो.

तंत्रज्ञान प्रकल्पांच्या नियोजनातील उपयोग

लेविन यांच्या हयातीत कार्यालयांत संगणक आलेले नव्हते. तथापि यंत्रे व माणसे यांच्या एकत्र नियोजनाचा विचार त्यांच्या निधनानंतर लवकरच पुढे गेला. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील एरिक ट्रिस्ट यांच्यावर लेविन यांचा प्रभाव होता. ट्रिस्ट व केन बॅमफर्थ यांनी १९५१ मध्ये ब्रिटनमधील कोळसा खाणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. यांत्रिकीकरणामुळे खाणकामगारांच्या लहान, स्वयंपूर्ण टोळ्या मोडल्या आणि नव्या यंत्रांचा अपेक्षित लाभही मिळाला नाही, असे त्यात दाखवले आहे. याच संस्थेचे ए. के. राइस यांनी १९५३ मध्ये अहमदाबाद येथील साराभाई कुटुंबाच्या कॅलिको मिलमध्ये काम केले. तेथे स्वयंचलित माग बसवूनही उत्पादन व कापडाचा दर्जा समाधानकारक नव्हता. प्रत्येक कामगाराला एकेक सुटे काम देण्याऐवजी ठरावीक मागांची जबाबदारी एका लहान गटाकडे सोपवण्याची योजना पुढे आली. कामगारांनी ती उचलून धरली आणि परिणाम सुधारले.

कार्यालयातील कागदी नोंदवह्यांच्या जागी संगणकप्रणाली आणण्यासारख्या प्रकल्पात लेविन यांची मांडणी पुढीलप्रमाणे लागू केली जाते. प्रारंभी बदलाची झळ कोणत्या गटांना बसणार आणि त्यांचे काय हरपणार, याची पाहणी केली जाते. नोंदवह्यांची खडान्‌खडा माहिती असलेल्या जुन्या कर्मचाऱ्याचे महत्त्व नव्या प्रणालीत कमी होते. ही हानी पगारपत्रकात दिसत नसली तरी ते एक रोखणारे बल असते. त्यानंतर चालक व रोधक बलांची यादी करून प्रथम रोधक बलांवर उपाय योजले जातात. कामाच्या वेळातच प्रशिक्षण देणे, आरंभीच्या चुकांबद्दल शिक्षा न करणे, पर्यवेक्षकांना आधी विश्वासात घेणे आणि पडद्यावरील रचना ठरवताना प्रत्यक्ष वापरणाऱ्यांना सहभागी करून घेणे, हे असे उपाय होत. केवळ आदेश काढणे व मुदती आवळणे हा चालक बले वाढवण्याचा मार्ग असून त्याने ताण वाढतो.

हारवुडच्या प्रयोगात सहभागी गटांचे उत्पादनही बदलानंतर प्रथम खाली आले होते. त्यामुळे नवी प्रणाली सुरू झाल्यावर काही काळ काम मंदावणार, हे वेळापत्रकात गृहीत धरले जाते. शेवटच्या टप्प्यात जुन्या नोंदवह्या ठरलेल्या दिवशी बंद करणे, कामाच्या जबाबदाऱ्या व मूल्यमापनाचे निकष नव्या पद्धतीनुसार बदलणे आणि मदतीची कायमस्वरूपी सोय करणे यांचा समावेश होतो. हा टप्पा वगळल्यास कर्मचारी नवी प्रणाली नावापुरती वापरतात व खरा व्यवहार जुन्याच वहीत चालू राहतो.

टीका

लेविन यांच्या विचारांवर विविध आक्षेप घेण्यात आले आहेत. सतत बदलणाऱ्या आजच्या संस्थांना गोठवणे ही कल्पना लागू पडत नाही, असे काही व्यवस्थापनतज्ज्ञांचे मत आहे. त्यावर, लेविन यांच्या लेखी समतोल हा कायमच गतिमान होता, असे उत्तर दिले जाते. तीन टप्प्यांचे प्रारूप लेविन यांच्या मूळ लेखनात अल्प जागा व्यापते आणि त्याला आजचे ठाशीव रूप नंतरच्या लेखकांनी दिले, असे स्टीफन कमिंग्ज व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रतिपादन केले.

हारवुडमधील गट लहान होते. १९६० मध्ये नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात केलेल्या तशाच प्रयोगात सहभागामुळे उत्पादनात तसा फरक आढळला नाही. ज्या बाबतीत निर्णय आधीच झालेला आहे, तेथे सहभागाचा केवळ देखावा होतो आणि ती कामगारांना वळवण्याची एक क्लृप्ती ठरते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९५४ मध्ये पॉल लॉरेन्स यांनी याच धोक्याकडे लक्ष वेधले. लोक बहुधा तांत्रिक बदलाला नव्हे, तर त्यासोबत येणाऱ्या मानवी संबंधांतील बदलाला विरोध करतात. म्हणून सहभाग हा खऱ्या आदरातून आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

वारसा

लेविन यांच्या निधनानंतर समूहगतिकी संशोधन केंद्र १९४८ मध्ये मिशिगन विद्यापीठात हलवण्यात आले. त्यांचे निबंध १९४८ व १९५१ मध्ये दोन संग्रहांच्या रूपाने प्रसिद्ध झाले. स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये कृतिसंशोधन शालेय शिक्षणात आणले. महाराष्ट्रातील शिक्षक प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांतही त्याचा समावेश आहे. समूहगतिकी, नेतृत्वाच्या शैली आणि बलक्षेत्र विश्लेषण हे विषय मानसशास्त्र, समाजकार्य व व्यवस्थापन या शाखांत जगभर शिकवले जातात.